मुंद्रा–बंदर अब्बास–मॉस्को रेल्वेने माल पाठवून बघितला: अकरा महिने, चार कंटेनर

लाल समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली आणि मॉस्कोच्या गिऱ्हाईकाने "इराणवरून पाठवा" असा धोशाच लावला. आमचा माल इसबगोलची भुसी. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून घ्यायची, वडोदऱ्यात साफ करून भरायची आणि जवळच्याच दशरथ गावातल्या कंटेनर डेपोतून मुंद्रा बंदराला धाडायची. तिथून जहाजाने बंदर अब्बास आणि पुढे इराण, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडत रशियापर्यंत आगगाडी. ह्या उत्तर-दक्षिण मार्गाचा करार 2000 सालचा, पण कास्पियनच्या पूर्वेकडून येणारी ही लाइन इराणला जोडली गेली 2014 च्या डिसेंबरात. रशियातल्या चेखोवहून 39 कंटेनरांची गाडी भारताकडे निघाली ती तर 2022 च्या जुलैत. म्हणजे कागद जुना, रस्ता नवा. वापरताना ते पदोपदी कळतं.

फॉरवर्डरने, म्हणजे वाहतुकीची सगळी व्यवस्था बघणाऱ्या एजंटने, छातीठोकपणे 25 दिवस सांगितले होते. आम्हाला लागले 33, 38, 57 आणि 35. केपवरून गेलेल्या आमच्या एका कंटेनरला 70 लागले होते, त्यामुळे तक्रार तशी बेताचीच.

त्या 57 मधले 16 दिवस कंटेनर इराण-तुर्कमेनिस्तान सीमेवर नुसता उभा होता. इराणचे रूळ 1435 मिलिमीटरचे, पलीकडे 1520. क्रेन कंटेनर उचलून दुसऱ्या वाघिणीवर ठेवते, त्याला काही मिनिटं पुरतात. पण पलीकडे रिकामी वाघीण हजर पाहिजे ना! रोज सकाळी चहा घेताना कंटेनर कुठे आहे ते नकाशावर बघायला मी मोबाइल उघडायचो आणि बायको विचारायची, "हलला का तुमचा ठिपका?" आजोबा वडोदऱ्याच्या प्रतापनगर स्टेशनवर मालबाबू होते, त्यांची आठवण झाली. गायकवाडांची डभोई-मियागाम लाइन 1862 ची, सुरुवातीला बैल ओढायचे. ह्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीतला कापूस मियागामला उतरवून ब्रॉडगेजवर चढवायचा. आजोबा सांगायचे, हमाल कमी पडले की सगळा माल तिथेच तुंबायचा. आता हमालाच्या जागी क्रेन आली, एवढाच फरक.

खरा फटका बसला दुसऱ्या कंटेनरला. दिवाळीच्या आधी भरला, आत वडोदऱ्याची दमट हवा कोंडली गेली. कझाकस्तानात रात्रीची थंडी पडली आणि पत्र्याच्या छताला आतून घाम सुटला. गिऱ्हाईकाने फोटो पाठवले: वरच्या थरातल्या अकरा गोण्या डागाळलेल्या, एक फाडून दाखवलेली, आत भुसीचा फुगून चिकट लगदा. इसबगोलला पाणी लागलं की काय होतं हे कुणाला सांगायला नको! तेव्हापासून बाजूच्या पत्र्यांना ओलावा शोषणाऱ्या लांब पिशव्या टांगतो, वरच्या थरावर जाड क्राफ्ट कागद अंथरतो आणि दुपारच्या कोरड्या उन्हातच भरतो. पुढच्या दोन्ही खेपा कोरड्या पोचल्या.

कागदपत्रांबद्दल एकच सांगतो, कारण ह्यात आमचे पैसे महिनाभर अडकले. समुद्राची बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याचा जहाज कंपनीचा कागद, मालकीचा कागद म्हणून बँकेत चालते. पुढच्या रुळांवरची एसएमजीएस पावती (त्या भागातल्या देशांच्या रेल्वे-मालवाहतूक कराराखालची) तशी नाही. ती फक्त वाहतुकीची पावती, तीही रशियनमध्ये. आमच्या बँकेतल्या साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि परत केली. आता 60 टक्के आगाऊ घेतल्याशिवाय मी कंटेनर हलवत नाही.

ह्या मार्गाला माझे गुण पाचपैकी साडेतीन. तारखेला बांधलेला माल ह्या मार्गाने पाठवू नका. पाचवा कंटेनर सोमवारी दशरथला लागतोय, पिशव्या आजच आणून ठेवल्यात.