सुई चोख, रिपोर्ट मात्र जीव घेणारा

घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या 'ईबीव्ही पॅनेल'ला (एपस्टाइन-बार विषाणूसाठीच्या रक्ततपासणीला) पाचपैकी अडीच तारे, तेही सुई टोचणाऱ्या ताईंमुळे. माझी शीर एरवी कुणाला सापडत नाही. त्यांनी मूठ आवळायला लावली, कोपराच्या आत दोनदा बोट फिरवलं आणि पहिल्याच टोचणीत काम झालं.

घोडं अडलं ते रिपोर्टवर. मानेत गाठी, महिनाभर थकवा, म्हणून डॉक्टरांनी एपस्टाइन-बार विषाणूची तपासणी सांगितली होती. रात्री साडेअकराला पीडीएफ आली. 'व्हीसीए आयजीजी: पॉझिटिव्ह', 'ईबीएनए आयजीजी: पॉझिटिव्ह', म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या दोन अँटिबॉडी; दोन्ही लाल आणि ठळक. खाली एकच ओळ: हा विषाणू काही कर्करोगांशी निगडित आहे. झालं! पहाटेपर्यंत मान चाचपत बसले.

सकाळी डॉक्टरांनी आधी पाहिली ती तिसरी, बारीक काळ्या अक्षरातली ओळ: 'व्हीसीए आयजीएम: निगेटिव्ह'. ताज्या संसर्गात आयजीएम ही अँटिबॉडी दिसते. ईबीएनएच्या अँटिबॉडी दोन-चार महिन्यांनी येतात आणि सहसा जन्मभर राहतात. म्हणजे माझा संसर्ग कधीचा जुना. 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या बी-पेशींत (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) हा पाहुणा मुक्काम ठोकून असतो. मग लाल शाई कुणाकुणाला लावणार?

कर्करोगाशी नातं खोटं नाही. 1964 मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना हा विषाणू सापडला तोच युगांडातून आलेल्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींत. धुक्यामुळे विमान भलतीकडे उतरलं, नमुना उशिरा आणि गढूळ पोचला. जंतू शिरले असणार म्हणून फेकला असता, पण भिंगाखाली पाहिलं तर तो गढूळपणा म्हणजे सुट्या झालेल्या जिवंत पेशी! जठराच्या सुमारे 10 टक्के कर्करोगांतही हा विषाणू आढळतो. पण हाँगकाँगमध्ये 20,000 पुरुषांत नाकामागच्या घशाचा कर्करोग लवकर हुडकला, तो रक्तातला विषाणूचा डीएनए तपासून. ती तपासणीच वेगळी. माझ्या पॅनेलवरून कर्करोग आहे की नाही, काहीच कळत नाही, आणि नेमकं हेच रिपोर्टात छापलेलं नाही.

तक्रार केली. 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' असं छापील उत्तर आलं.

गाठी किडलेल्या दाढेमुळे होत्या. थकव्याचं कारण त्याच लॅबच्या दुसऱ्या पानावर होतं: हिमोग्लोबिन नऊ. तो आकडा मात्र साध्या काळ्या अक्षरात.