रांगा की गट? शाळा उघडण्याआधी बाकं लावताना

शाळा उघडायला दोन-तीन दिवस उरलेले असतात. खोली झाडून झालेली असते आणि सगळी बाकं एका भिंतीला सरकवून ठेवलेली असतात. तक्ते, वाचनाचा कोपरा, कपाटातली मांडणी हे पुढच्या महिनाभरात सावकाश करता येतं. बाकांचं मात्र पहिल्या दिवसाआधी ठरवावंच लागतं, कारण मूल पहिल्या दिवशी जिथे बसतं ती जागा त्याची होऊन जाते. नंतर हलवायला गेलं की कुरकुर सुरू होते, आणि त्यात मुलांची चूक नसते.

मी दोन्ही रचना करून पाहिल्या आहेत. आधी चार वर्षं गट आणि त्यानंतर आजवर रांगा. माझा वर्ग नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा, पट साधारण ३६. बाक म्हणतो ते दोघांना पुरेल असं टेबल आणि सुट्या खुर्च्या. बसायची फळी टेबलाला जोडलेली असेल, तर गट करणं तसंही जिकिरीचं असतं. पण टेबलं सुटी असतील तर हा प्रश्न खरोखरच तुमच्यापुढे आहे, आणि तो सहज सुटणारा नाही.

गटांच्या बाजूने आधी बोलतो, कारण मी सुरुवात तिथूनच केली आणि ती मनापासून केली. दोन टेबलं समोरासमोर जोडली की चौघांचा गट होतो, खोलीत असे नऊ गट बसतात आणि मधे चालायला ऐसपैस जागा राहते. शिक्षक नऊ ठिकाणी थांबला की सगळा वर्ग पाहून होतो. रंगपेटी, कात्री, शब्दकोश टेबलाच्या मधोमध ठेवता येतात. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या तासाला तीन ओळखीचे चेहरे मिळतात. शाळेच्या पहिल्या आठवड्यात याची किंमत मोठी असते. आणि चर्चा खरंच होते. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिघांसमोर मात्र आपलं म्हणणं रेटून मांडते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. अमेरिकेत १९८५ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं: सर्वांनी मिळून कल्पना सुचवायच्या कामात गोलात किंवा गटात बसलेली मुलं रांगेतल्या मुलांपेक्षा जास्त सहभागी होती.

मग मी गट का सोडले? कारण अगदी लहान आहे.

एका संध्याकाळी शुद्धलेखनाच्या वह्या तपासत होतो. फळ्यावर नऊ ओळींचा उतारा लिहिला होता, तो मुलांनी पाहून उतरवायचा होता. एका मुलीच्या वहीत पाचव्या ओळीनंतर थेट सातवी ओळ होती. अक्षर नीट, अनुस्वार जागच्या जागी, फक्त मधली एक आख्खी ओळ गायब. फळ्यावरच्या दोन ओळी ‘म्हणून’ या शब्दाने सुरू होत होत्या. ती एका ‘म्हणून’वरून नजर काढून वहीकडे वळली आणि परत फळ्याकडे पाहिलं तेव्हा दुसऱ्या ‘म्हणून’वर जाऊन टेकली. मी ‘घाई नको’ असा शेरा मारला आणि पुढची वही घेतली. त्यातही दोन शब्द गाळलेले.

वह्या मुलांनी गटागटाने जमा केल्या होत्या, त्यामुळे त्या चार-चारच्या क्रमाने लागलेल्या होत्या. त्या क्रमामुळेच माझ्या लक्षात आलं. जवळजवळ प्रत्येक चौकडीत दोन वह्या स्वच्छ आणि दोन वह्यांत काहीतरी सुटलेलं. मी कागदावर वर्गाचा नकाशा काढला आणि जिथे जिथे शब्द सुटले होते तिथे टिंब दिलं. बहुतेक सगळी टिंबं फळ्याकडे पाठ असलेल्या खुर्च्यांवर पडली.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी त्या मुलीच्या खुर्चीवर बसलो आणि तोच उतारा उतरवायला घेतला. कमरेतून वळायचं, दोन-तीन शब्द डोक्यात धरायचे, परत वळायचं, वहीतली जागा शोधायची, लिहायचं, पुन्हा वळायचं. नऊ ओळींत किती वेळा वळलो ते मोजणं तिसऱ्या ओळीनंतर सोडून दिलं. प्रत्येक वळणाला कोपराचा धक्का लागून वही थोडी सरकत होती. शेजारच्या खुर्चीवर डावखुरं मूल असतं तर आमची कोपरं एकमेकांवर आपटली असती.

त्या मुलीला आणि तिच्या समोरच्या मुलाला मी जागा बदलायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिची वही स्वच्छ आली आणि त्याच्या वहीत शब्द गळायला लागले. ‘घाई नको’ हा शेरा मी तिच्या वहीतून खोडला आणि तिला सांगितलं की चूक जागेची होती.

ही एका वर्गाची, एका शिक्षकाची गोष्ट आहे. यावरून कुणी सिद्धांत मांडू नये आणि मीही मांडत नाही. मधला मार्ग म्हणून मी टेबलं आडवी फिरवली, म्हणजे कुणाचीच पाठ फळ्याकडे नको, सगळ्यांची कूस फळ्याकडे. त्रास कमी झाला, पण ज्यांच्या उजव्या हाताला फळा आला त्या मुलांची लिहिती बाजूच सारखी वळत राहिली. त्यांच्या वह्या हळूहळू तिरक्या होत गेल्या आणि अक्षरही. वर्षअखेरीस मी गट मोडले.

ज्या शाळांत फळ्यावरून उतरवून घेणं फारसं होत नाही, तिथे ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. पण एक गोष्ट तपासून पाहा: तुमच्या वर्गात दिवसभरात मुलं खरोखर एकत्र मिळून काम किती वेळ करतात? १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या प्राथमिक वर्गांचं बारकाईने निरीक्षण झालं होतं, ‘ओरॅकल’ या नावाने तो प्रकल्प ओळखला जातो. त्यात आढळलं की मुलं बसतात गटात, पण बहुतांश वेळ आपापलं वेगळं काम करत असतात. हे वाचलं तेव्हा मी माझ्या वेळापत्रकाकडे नव्याने पाहिलं. आठवड्याच्या तासांतले पाच-सहा तास सोडले तर बाकी सगळं एकट्याने वाचायचं, लिहायचं, गणित सोडवायचं. म्हणजे पाच-सहा तासांच्या सोयीसाठी बाकी आठवडाभर मी निम्म्या वर्गाला मान वळवायला लावत होतो.

याच प्रश्नावर १९८१ साली इंग्लंडमधून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. अकरा वर्षांच्या मुलांचे दोन वर्ग घेतले. आधी टेबलांभोवती, मग रांगेत, मग पुन्हा टेबलांभोवती, असं बसवून पाहिलं. रांगेत असताना मुलांचं कामाकडचं लक्ष वाढलं, पुन्हा टेबलांभोवती बसवल्यावर ते खाली आलं. आणि ज्यांचं लक्ष मुळात सर्वांत कमी होतं, त्यांना रांगेचा फायदा सर्वांत जास्त झाला. मला हे शेवटचं महत्त्वाचं वाटतं. हुशार, शांत मूल कुठेही बसून काम उरकतं. ज्याचं लक्ष क्षणात उडतं, त्याच्या समोर दिवसभर मित्राचा चेहरा ठेवायचा आणि वर त्यालाच ‘इकडे लक्ष दे’ म्हणायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. २००८ मध्ये अशा आठ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हाही निष्कर्ष साधारण असाच निघाला: काम कसलं आहे त्यावरून बैठक ठरवावी, आणि एकट्याने करायच्या कामाला रांग बरी.

आता रांगांचे दोषही सांगायला हवेत, कारण ते खरे आहेत. रांगेत मागचा कोपरा तयार होतो. शिक्षकाचा आवाज तिथे पोचतो, नजर पोचत नाही. अ‍ॅडम्स आणि बिडल या अभ्यासकांनी १९७० साली दाखवून दिलं होतं की वर्गातली बरीचशी प्रश्नोत्तरं पुढच्या रांगेत आणि मधल्या पट्ट्यातच घडतात. मी फळ्याजवळ उभा राहून शिकवायचो तेव्हा माझ्याही वर्गात नेमकं हेच व्हायचं. दुसरं, रांगेतल्या मुलाला वर्गमित्रांच्या पाठी दिसतात. कुणी उत्तर दिलं तर ते शिक्षकाला दिलं जातं, बाकीच्यांना अर्धवट ऐकू येतं.

पण या दोषांना उपाय आहेत आणि ते शिक्षकाच्या हातात आहेत. दर सोमवारी सगळ्या रांगा एक-एक घर मागे सरकतात आणि शेवटची रांग पुढे येते. मी फळ्याजवळ कमी आणि खोलीच्या मागच्या भागात जास्त उभा राहतो. प्रश्न विचारताना मागच्या खिडकीपासून सुरुवात करतो. आणि गटकाम असेल तेव्हा पहिल्या व तिसऱ्या रांगेतली मुलं खुर्च्या उलट्या फिरवून मागच्या टेबलाकडे तोंड करतात. चौघांचा गट तयार, टेबल एकही हललं नाही. सराव झाल्यावर माझ्या वर्गाला याला अर्धा मिनिटही लागत नाही. काम संपलं की खुर्च्या परत सरळ. गटाकडून रांगेकडे जाणं मात्र इतकं सोपं नव्हतं. दर वेळी टेबलं ओढावी लागायची आणि त्या कर्कश आवाजात तासाची पाच मिनिटं जायची.

घोड्याच्या नालासारखी अर्धगोल रचनाही लोक सुचवतात. वीस-बावीस मुलं असतील तर ती फार छान, सगळ्यांना सगळे दिसतात आणि फळाही दिसतो. ३६ मुलांना ती माझ्या खोलीत मावली नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तरीही गट कुणी निवडावेत? पाच-सहा वर्षांची मुलं असतील, फळ्याचा वापर कमी असेल आणि दिवसाचा मोठा भाग मणी, ठोकळे, चित्रं, गोष्टी यांत जात असेल, तर मी स्वतःही गटच लावीन. प्रयोगाची, चित्रकलेची खोली वेगळी असेल तर तिथेही गटच. एखाद्या मुलाला कमी ऐकू येत असेल, तर मात्र त्याला विचारून ठरवा. काहींना समोरच्याचे ओठ दिसणं गरजेचं असतं, काहींना गटातल्या कलकलाटात काहीच कळेनासं होतं. माझ्याकडे दोन्ही प्रकारची मुलं होती, दोघांची गरज एकमेकांच्या अगदी उलट.

काहीही निवडा, पण मुलं येण्याआधी एक काम कराच. प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसा, आणि मोठ्या माणसाची उंची विसरून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर मान खाली आणा. ३६ खुर्च्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. कुठून फळ्यावर खिडकीचा उजेड चकाकतो आणि अक्षरं पुसट होतात, कुठून कपाटाची कड फळ्याचा डावा कोपरा झाकते, कुठे दप्तर ठेवलं की येणाजाणाऱ्याचा पाय अडकेल, हे उभं राहून दिसत नाही. पहिली रांग फळ्याला फार चिकटवू नका. वरची ओळ वाचायला मुलाला मान मागे टाकावी लागत असेल, तर रांग मागे घ्या. जागा पक्की झाली की टेबलाच्या पायांशी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या छोट्या खुणा करा. झाडलोट झाल्यावर मुलंच टेबलं जागेवर आणतात, तुम्हाला सांगावं लागत नाही. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं नसतील तर ती आधी मिळवा, विशेषतः खुर्च्या फिरवून गट करणार असाल तर.

आणि नावांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याआधी मागच्या वर्षीच्या शिक्षकांना विचारून डावखुऱ्या मुलांची यादी करून घ्या. माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार तरी असतात. त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे त्यांचं कोपर मोकळ्या वाटेकडे राहतं आणि शेजाऱ्याच्या वहीला धक्का लागत नाही.