टॉफ मशीन घ्यायचंय? आधी अंगठा मोकळा असतो का ते बघा

मी फ्रीलान्स भूल देते, आज या नर्सिंग होमला उद्या त्या, गाडीच्या डिकीत निम्मं ओटी घेऊन फिरते, त्यामुळे हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी. टॉफ म्हणजे ट्रेन ऑफ फोर, ऑपरेशनसाठी स्नायू ढिले करायला दिलेलं औषध (रिलॅक्सन्ट) किती उतरलं ते नर्व्हला चार करंट देऊन बघायची पद्धत. मोठ्या कॉर्पोरेटवाल्यांच्या मॉनिटरमध्येच हे मोजणारं एनएमटी मॉड्यूल असतं, त्यांचं सोडून द्या.

आधी साधा नर्व्ह स्टिम्युलेटर. मनगटाशी अल्नर नर्व्हवर अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार करंट द्यायचे आणि अंगठा डोळ्याने किंवा हाताने बघायचा. स्वस्त आहे, काउंट (चारपैकी अंगठ्याचे किती ट्विच आले) मोजायला ठीक आहे, पण रेशो (चौथा ट्विच भागिले पहिला) ०.४ च्या वर गेला की फेड, म्हणजे ट्विच कमी कमी होत जाणं, हाताला कळतच नाही आणि श्वासाची ट्यूब काढायला आपल्याला हवा असतो ०.९. मधलं सगळं आंधळी कोशिंबीर. पेशंटने डोकं उचललं, हात दाबला म्हणजे रिलॅक्सन्ट उतरला, यावर मी पण कित्येक वर्षं विसंबून होते.

मग अ‍ॅक्सिलोमायोग्राफी. जुनं टॉफ-वॉच आता बनत नाही, सध्या टॉफस्कॅन आणि स्टिमपॉड, दोन्हीत अंगठ्याची हालचाल तिन्ही दिशांत मोजतात. लावायला सोपं, इसीजीचे साधे इलेक्ट्रोड चालतात म्हणजे रोजचा खर्च जवळपास नाही. पण या प्रकारात एक मेख आहे, रिलॅक्सन्ट द्यायच्या आधीच रेशो १ च्या वर येऊ शकतो. समजा आधी १.१५ होता, तर शेवटी स्क्रीनवर दिसलेलं ०.९ म्हणजे खरं ०.७८ च झालं की! म्हणून पेशंट झोपला की लगेच बेसलाइन (रिलॅक्सन्टच्या आधीचा रेशो) घ्या, नसेल घेतली तर १ येईपर्यंत थांबा.

आणि अंगठा मोकळा हवा म्हणजे हवाच. परवा लॅप कोलेला (दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ऑपरेशन) दोन्ही हात चादरीत घट्ट गुंडाळलेले, वेक्युरोनियम हा रिलॅक्सन्ट देऊन तासभर झाला तरी काउंट शून्य. ओटीतले मामा म्हणाले, "मॅडम, मशीन गेलं वाटतं." चादर वर करून बघते तर अंगठा पेशंटच्या मांडीखाली! बाहेर काढला आणि चारही ट्विच आले. काही जण अशा वेळी भुवईवर लावतात, तसं करू नका बाई, ते स्नायू अंगठ्याच्या आधी सुटतात आणि आपण फसतो. २०२३ च्या अमेरिकन भूलतज्ज्ञ सोसायटीच्या गाइडलाइनमध्ये पण हेच आहे.

इथे इएमजीवाली मशीन भारी, टेट्राग्राफ किंवा ट्विचव्ह्यू. ती स्नायूतला करंट मोजतात, हात बांधला असला तरी चालतं, बेसलाइन पण साधारण १ च्या आसपास येते. कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं उपकरण) चालू असताना आकडा गडबडतो तेवढं सोडलं तर वाचनात मला हीच आवडली. पण यांची इलेक्ट्रोडची पट्टी त्याच कंपनीची आणि दर पेशंटला नवी. मी एका इएमजी मशीनचा डेमो घेतला तेव्हा डीलर रोज फोन करायचा, पट्टीचा भाव लेखी द्या म्हटल्यावर साहेब गायब. रिलॅक्सन्ट उतरवायला स्वस्तातलं निओस्टिग्मिन वापरणाऱ्या छोट्या हॉस्पिटलकडे पट्टीचं वेगळं बिल मी कुठल्या तोंडाने मागू?

तर सध्या डिकीत टॉफस्कॅनच आहे. हात गुंडाळायच्या आधी सर्जनला सांगून ठेवते, दोन्ही हात तुमचे, एक अंगठा माझा.