रेड ओक व्हिक्टरी, रिचमंड: तोफांआधी डेरिक बघा

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास मुलांकडे आलेल्या आपल्या मंडळींनी एक अख्खी सकाळ राखून ठेवावी, असं हे ठिकाण आहे. गोल्डन गेट सगळेच बघतात. रिचमंडच्या धक्क्याला लागलेलं एसएस रेड ओक व्हिक्टरी मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याचा तर तिथून पाय निघत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला दारूगोळा पोचवणारं हे जहाज. लांबी 455 फूट, पाच होल्ड (डेकखालचे मालाचे कप्पे), 6,000 अश्वशक्तीचं स्टीम टर्बाइन. युद्धाच्या धामधुमीत रिचमंडच्या कैसर जहाजबांधणी यार्डांनी 747 जहाजं बांधली, त्यांतलंच हे एक. 9 नोव्हेंबर 1944 ला ते पाण्यात उतरलं. दुसऱ्याच दिवशी तिकडे प्रशांत महासागरातल्या मानुस बेटाच्या सीॲडलर बंदरात यूएसएस माउंट हूड हे दारूगोळ्याचं जहाज नांगरावर उभं असताना फुटलं. पोटात सुमारे 3,800 टन स्फोटकं होती. जहाजावर असलेला एकही माणूस वाचला नाही. कामासाठी आधीच किनाऱ्यावर गेलेले थोडे जण तेवढे राहिले. या जातीच्या जहाजावर काम करणं म्हणजे काय, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी 14 एप्रिलला आपल्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरल्या होत्या! आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह आजही त्याच तारखेला सुरू होतो.

आता बघायचं काय, ते सांगतो. डेकवर आलं की लोक पुढची-मागची तोफ गाठतात आणि फोटो काढतात. तोफा प्रत्येक युद्धनौकेवर असतात. तुम्ही आधी हॅचच्या, म्हणजे होल्डच्या डेकवरच्या तोंडाशी उभे राहा आणि डेरिकचे, म्हणजे माल उचलायच्या यारीचे, बूम (लांब दांडे) नीट न्याहाळा. काम चालू असताना एक बूम हॅचच्या बरोबर वर आणि दुसरा कडेच्या बाहेर बांधून ठेवायचे. दोन विंचांच्या (वायर गुंडाळणाऱ्या यंत्रांच्या) दोन वायर, पण हुक एकच. पहिल्या विंचने माल होल्डमधून वर घ्यायचा, मग दुसरी वायर आवळत पहिली सैल सोडत जायची. बूम जागचे हलत नाहीत. माल मात्र डेकवरून आडवा सरकत बाहेर जातो आणि शेजारी लागलेल्या जहाजात किंवा बार्जमध्ये उतरतो. दोन्ही विंचचा मेळ चुकला की भार हेलकावे खातो. तांदळाची पोती असती तर फाटली असती, इतकंच. इथे तोफगोळे होते.

प्रशांत महासागरातल्या उलिथी बेटांच्या खाजणात फेब्रुवारी 1945 च्या अखेरीला रेड ओकने आरमारातल्या जहाजांना माल द्यायला सुरुवात केली. पुढे फिलिपिन्सकडे गेलं. साठाहून अधिक जहाजांना दारूगोळा दिला आणि त्यात एकही माणूस दगावला नाही. माझ्या लेखी या जहाजाचं खरं पदक हेच. त्याच फेब्रुवारीत इवो जिमाच्या मोहिमेत यूएसएस शास्ता या दारूगोळ्याच्या जहाजाने तर भर समुद्रात, दोन्ही जहाजं चालती ठेवून दारूगोळा दिला. रेड ओकच्या कठड्याला टेकून उभे राहिलात, खाली पाणी बघितलंत, की त्या कामाच्या कल्पनेनेच छाती दडपते.

इंजिनरूम चुकवू नका. शिड्या उभ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी वरच थांबावं. बाकीच्यांनी रबरी तळव्याचे बूट घालावेत आणि दोन्ही हात मोकळे ठेवून उतरावं. बॉयलर, टर्बाइन, गिअर, सगळं हाताच्या अंतरावर. हे जहाज राखतात ते स्वयंसेवक. कामाचा प्रश्न विचारला तर मनापासून उत्तर देतात, घाई करत नाहीत. चिपिंग (गंज खरवडणं) आणि रंगकाम किती चिवट असतं हे मला माहीत आहे, म्हणून दान-पेटीत मी हात आखडता घेतला नाही. तुम्हीही घेऊ नका.

उन्हाळ्याच्या हंगामात काही रविवारी जहाजावरच पॅनकेकचा नाश्ता असतो. नातवंडांना न्यायचं तर तोच दिवस साधा. उघडण्याचे वार आणि वेळा निघण्याआधी बघून घ्या. धक्क्याजवळच जुन्या शिपयार्डची उंच क्रेन उभी आहे, तीही पाहा.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी पोर्ट शिकागोचं स्मारक जोडून घ्या. रेड ओक 1968 पासून तीस वर्षं ज्या सुइसून बेमध्ये पडून होतं, त्याच खाडीच्या काठावर पोर्ट शिकागोचा दारूगोळा भरायचा धक्का होता. 17 जुलै 1944 च्या रात्री जहाजात दारूगोळा भरताना तिथे स्फोट झाला, 320 माणसं गेली, त्यांतली 202 कृष्णवर्णीय. हे स्मारक चालू लष्करी तळाच्या आत आहे, त्यामुळे स्वतःची गाडी नेता येत नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे निदान दोन आठवडे आधी नाव नोंदवावं लागतं.