क्लिंगॉन शब्दकोश: मागावरच्या माणसाने वाचलेला

मी सोलापूरच्या पूर्व भागात जॅकार्ड मागांवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रमागांवर, जॉबर आहे; माग लावणं-दुरुस्त करणं माझं काम. माग सुरू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आमचं बोलणं एका शब्दाचं. ‘थांबव!’ ‘सोड!’

‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांच्या चित्रपटांतल्या क्लिंगॉन नावाच्या लढवय्या परग्रहवासीयांसाठी क्लिंगॉन भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँड यांचा हा शब्दकोश 1985 चा, माझ्याकडे 1992 ची वाढीव आवृत्ती आहे. शब्दांपेक्षा सुरुवातीचा व्याकरणाचा भाग मी जास्त वाचलाय, त्यातही आज्ञार्थ.

हुकमाचे उपसर्ग वेगळेच आहेत. ‘जोल यिचु’ म्हणजे ट्रान्सपोर्टर (माणसं-वस्तू क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र) चालू कर. वस्तू अनेक असल्या तर ‘यि’च्या जागी ‘ति’. ‘मला’ असेल तर ‘खि’, ‘आम्हाला’ असेल तर ‘घो’. कर्म आधी, क्रियापद नंतर, आपल्या ‘दिवा लाव’सारखं, इथे मराठी माणसाला अडखळायला होत नाही. उच्चारांना मात्र वेळ द्या. मोठं आणि लहान रोमन ‘क्यू’ हे दोन वेगळे वर्ण आहेत, माझे दोन आठवडे त्यातच गेले.

मोबाइलला ‘गाणं लाव’ म्हणू की ‘लावा’? घरी तेलुगूतही ‘रा’ की ‘रंडि’ हे ठरवावंच लागतं. क्लिंगॉनमध्ये आदराचा ‘नेष’ प्रत्यय आहे, पण तो कधीच सक्तीचा नाही. लढाईच्या घाईत तर उपसर्गही गळतो: ‘यिबाख’, म्हणजे मारा कर, याचं नुसतं ‘बाख!’ ते वाचलं आणि मला आमचा कारखाना ऐकू आला.

सगळ्यात आवडला तो ‘क्खो’ प्रत्यय. हुकमात लावला की ‘करू नको’, साध्या वाक्यात लावला की ‘मी करणार नाही’. मनाई आणि नकार एकाच प्रत्ययात. आपला ‘नको’ तरी काय करतो? ‘जाऊ नको’ आणि ‘मला नको’! इंग्रजीत समजावताना ओक्रँड यांना दोन अर्थ सांगावे लागतात. मला एका शब्दात कळलं.

अनेकवचनाला बोलणाऱ्या जिवांसाठी ‘पु’, शरीराच्या अवयवांसाठी ‘दु’, बाकी वस्तूंना ‘मेय’. धोटे, कांड्या, माग, सगळे ‘मेय’. बोलणाऱ्या मोबाइललाही मी ‘मेय’च लावतो. तो ‘जमत नाही’ म्हणतो. ‘क्खो’ लावून ‘नाही करणार’ असं त्याने मला एकदाही सुनावलेलं नाही.