कराटे सोडून ज्युदो: काही महिने मॅटवर आपटून घेतल्यावरचा अनुभव

क्लासला जायचा कंटाळा येतोय, आर्टच बदलून टाकू का, असं ज्यांच्या डोक्यात चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा. मी काही वर्षं शोतोकान कराटे केलं, ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले, मग सोडलं आणि आता बरेच महिने ज्युदो करतेय. निकाल आधीच सांगते, बदललं ते बरं झालं. पण माझी तक्रार कराटेबद्दल होती का त्या क्लासबद्दल, हे सोडवल्याशिवाय मी फी भरली नाही, आणि तुम्हीही भरू नका.

आधी तक्रार काय होती ते. वॉर्मअप, मग किहोन म्हणजे ओळीत उभं राहून हवेत पंच आणि ब्लॉक, मग काता म्हणजे ठरलेल्या हालचाली क्रमाने एकट्याने करणं, आणि शेवटी वेळ उरलाच तर गोहोन कुमिते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, यात समोरचा आधी मोठ्याने "जोदान" म्हणतो, म्हणजे डोक्यावर मारणार, मग पाच पावलं पुढे येत तोच पंच पाच वेळा मारतो, तुम्ही पाच पावलं मागे जात आगे उके म्हणजे हात वर उचलून ब्लॉक लावता आणि शेवटी एक ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताचा उलटा पंच. सुरुवातीला अंतर कळण्यासाठी हा प्रकार चांगला आहे, खरंच आहे, पण ब्राऊन बेल्टलाही तेवढंच? समोरचा कधी फसवत नाही, कधी थांबत नाही, कधी पंच सोडून किक मारत नाही. फ्री स्पॅरिंगचं विचारलं की "पुढच्या बेल्टला". पुढचा बेल्ट आला की परत पुढचा. ग्रेडिंग म्हणजे बेल्टची परीक्षा जवळ आली की मात्र अचानक सगळ्यांना जोर यायचा, सर स्वतः हजर असायचे, फॉर्म भरले जायचे, आणि नापास झालेलं कुणी मी तरी पाहिलं नाही. एरवी सर ऑफिसात आणि शिकवायला आम्हीच, एकमेकांना.

तरी लगेच सोडलं नाही. घरी बसून यादी केली, काय नको झालंय त्याची. त्यात काता नव्हतं! शोतोकानमध्ये २६ काता आहेत आणि मला ते करायला आवडायचं, अजूनही आवडतं. नको झालं होतं ते एवढंच, की मी मारलेलं लागतंय का आणि समोरच्याने मारलेलं मला अडवता येतंय का हे कळायला काही मार्गच नाही. म्हणजे भांडण आर्टशी नव्हतं, शिकवण्याच्या पद्धतीशी होतं. मग म्हटलं आधी कराटेमध्येच दुसरीकडे बघू. एका क्योकुशिनच्या क्लासला ट्रायलला गेले, तिथे फुल कॉन्टॅक्ट, हाताने तोंडावर मारायचं नाही पण छाती, पोट, मांड्या सगळं चालतं आणि किक डोक्यालाही चालते. कराटे म्हणजे नुसतं हवेत हातवारे असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे उभं राहून बघावं, मांडीवर एक लो किक बसली की मत आपोआप बदलतं. क्लास उत्तम होता, शिकवणारे स्वतः मॅटवर होते, नवीन माणसाला किती जोराने मारायचं याचं भान सगळ्यांना होतं. पण कामाचा दिवस संपवून आठवड्यातून तीन वेळा मार खायला जाण्याची माझी तयारी नव्हती, हे तिथेच कळलं, आणि हे कळणंही कामाचंच.

ज्युदोच्या ट्रायलला पहिल्या दिवशी फक्त पडायला शिकवलं. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, पडताना हात टेकून स्वतःला सावरायचं नाही तर अख्खा हात मॅटवर आपटायचा. हात टेकायची सवय इतकी खोल असते की ती मोडायलाच काही आठवडे गेले, आणि ती मोडली नाही तर मनगट किंवा कोपर मोडतं. मग पकड, मग एक थ्रो, आणि थोड्याच दिवसांत रांदोरी, म्हणजे समोरचा खरोखर विरोध करत असताना फेकून दाखवायचं. इथे मला हवं होतं ते मिळालं. थ्रो जमला तर माणूस खाली, नाही जमला तर तुम्ही खाली, कुणाला विचारायची गरज नाही.

यामागे विचार आहे आणि तो जुना आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जुजुत्सु या जुन्या जपानी कुस्तीप्रकारामधले जे प्रकार पूर्ण जोराने केले तर पार्टनर जायबंदी होईल ते रांदोरीतून बाजूला ठेवले, जे उरलं ते मात्र पूर्ण ताकदीने रोज करता येतं. माझ्या मते क्लास निवडताना बघायची गोष्ट ही एकच आहे, नाव कुठलंही असो. ट्रायलला गेलात तर शेवटचा अर्धा तास थांबून बघा, विरोध करणाऱ्या माणसावर कुणी काही करून दाखवतंय का. बॉक्सिंगमध्ये हे असतं, मुए थाईत असतं, बीजेजेत म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सुत रोलिंग नावाने असतं, चांगल्या कराटे क्लासमध्येही असतं. गंमत म्हणजे दान (ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) आणि ब्लॅक बेल्टची पद्धत कानोंचीच, कराटेने ती ज्युदोकडून घेतली, शोतोकानचे संस्थापक फुनाकोशींनी १९२४ मध्ये पहिले दान दिले. म्हणजे ज्या बेल्टच्या बाजाराला वैतागून मी पळाले त्याच्या माहेरीच येऊन पडले. इथेही ग्रेडिंग आहेच, फक्त रांदोरीत रोज उघडं पडत असल्याने बेल्टचं कुणी फार मनावर घेत नाही.

जुनं काय उपयोगी पडलं? अनवाणी पायांची सवय, कंबर फिरवून ताकद काढणं, आणि समोरच्याच्या खांद्यावरून तो आता हलणार हे ओळखणं. जुनं काय अंगाशी आलं? स्टान्स. झेनकुत्सु दाचीत लांब पाऊल टाकून जास्त वजन पुढच्या पायावर टाकायची सवय, आणि ज्युदोत दे आशी बाराई नावाचा प्रकार आहे, त्यात तुमचा पुढे येणारा पाय मॅटवर टेकून त्यावर वजन पडणार तेवढ्यात समोरचा तळपायाने तो झाडून नेतो. मी पाऊल टाकायचे आणि पाय गायब. आमच्यातली एक मुलगी, वजनाने माझ्याहून हलकी, एका संध्याकाळी मला एवढ्या एकाच थ्रोने पाडत राहिली, तिला दुसरा काही करायची गरजच पडेना. नंतर तिनेच सांगितलं, "ताई, पाय उचलून टाकू नकोस, मॅटला घासत सरकव." त्या एका वाक्याने जे झालं ते कितीतरी क्लासेसनी झालं नव्हतं.

आता तोटे, कारण नुसतं गुणगान वाचून कुणी उडी मारायला नको. बोटं दुखतात, कॉलर आणि बाहीची पकड सोडवताना सांधे सुजतात, सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही. "ज्युदोत ताकद लागत नाही, टेक्निक लागतं" हे अर्धसत्य आहे, सारखंच येत असेल तर जड माणूसच जिंकतो, वजनगट उगाच नाहीत. पंच-किक नाहीत, त्यामुळे ते कौशल्य गंजतं, माझं गंजलंय. स्पर्धेत पाय हाताने पकडायला बंदी आहे, कुस्तीतून येणाऱ्यांना ते फार खटकतं. आणि ब्राऊन बेल्ट कपाटात ठेवून परत व्हाइट बेल्ट बांधणं, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांनी २० सेकंद खाली दाबून धरणं आणि आपल्याला हलताही न येणं, यात अहंकाराचं काय होतं ते ज्याने त्याने बघावं, मला पहिले काही आठवडे जड गेले. आमचे कोच चांगले आहेत पण स्पर्धा जवळ आली की सगळं लक्ष स्पर्धेच्या मुलांकडे, आम्ही हौशी लोक कोपऱ्यात. तक्रारी संपत नाहीत, बदलतात, पण ही तक्रार मला चालते.

दोन्ही एकत्र करू का म्हणाल तर मी थोडे दिवस करून बघितलं, अंग साथ देईना आणि दोन्हीकडे अर्धवट चाललं. ज्यांना जमतं त्यांनी करा. वर्षभराची फी एकदम घेणारा क्लास असेल तर महिन्याच्या बोलीवर देतात का विचारा, नाही म्हणाले तर मी तरी जाणार नाही. जुन्या सरांना सांगून सोडा, गायब होऊ नका, मी सांगितलं, पाच मिनिटांचा अवघडलेपणा आणि संपलं. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा आणि कोचला पहिल्याच दिवशी सांगा, कारण थ्रोसाठी फिरून समोरच्याच्या आत शिरताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. आणि कराटेचा ड्रेस घालून ज्युदोला जाऊ नका, तो पातळ असतो, ओढायला बनवलेलाच नसतो, माझी एक बाही रांदोरीत खांद्यापासून सुटून पार्टनरच्या हातात गेली आणि तो बिचारा सॉरी म्हणत उभा.