रास्पबेरी पायवर घरचं टीव्ही रेकॉर्डिंग : पैसे बोर्डात नको, छत्रीत घाला

ज्यांच्या स्लॅबवर फ्री डिशची छत्री आहे आणि कामाच्या वेळेमुळे ज्यांचे दूरदर्शनचे कार्यक्रम हुकतात, त्यांनी हा संच नक्की करावा, असं माझं मत आहे. रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा छोटा संगणक, त्यालाच पुढे बोर्ड म्हटलंय), यूएसबीला लागणारा डीव्हीबी-एस२ म्हणजे उपग्रहाचे सिग्नल पकडणारा ट्यूनर, एक डिस्क आणि फुकट मिळणारं टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढंच त्यात आहे. बेळगावात वडगावातल्या आमच्या घरी तो रात्रंदिवस चालू असतो. वळीव, पावसाळा, लाइट जाणं-येणं हे सगळं पाहूनच हे लिहितोय. माझा खर्च सोळा हजारांच्या आसपास गेला. त्यात छत्री मोठी करण्याचे पैसेही आले आणि सगळ्यात सार्थकी लागले ते तेच.

मी उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो, बहुतेक सेकंड शिफ्टला. घरी येईपर्यंत सगळे झोपलेले असतात. बाबांना गाण्याचं वेड. कुमार गंधर्व १९२४ साली इथून जवळच सुळेभावीत जन्मले, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगतात. डीडी भारतीवर दूरदर्शनच्या संग्रहातल्या जुन्या मैफली लागतात, पण कधी भर दुपारी तर कधी रात्री उशिरा. एकदा लागून गेलेली मैफल परत कधी लागेल याचा नेम नसतो. आईला सह्याद्रीवरच्या बातम्या हव्यात. मुलगी मराठी माध्यमात शिकते, पण कन्नड विषय आहेच, म्हणून तिला डीडी चंदन. सीमाभागातल्या घराला दोन भाषा लागतात आणि दोन्ही एकाच छत्रीतून महिन्याला एक रुपयाही न देता येतात. प्रश्न एवढाच, की येतात त्या वेळी घरात बघायला कुणी नसतं.

आधी बोर्डाबद्दल, थोडक्यात. पाय ४ हा २०१९ चा बोर्ड, पण या कामाला पुरून उरतो. उपग्रहाचे सिग्नल जसे येतात तसेच डिस्कवर लिहायचे असतात, त्यामुळे प्रोसेसरला फारसं काम पडतच नाही. साध्या एसडी (एचडी नसलेल्या) चॅनेलचा ओघ सेकंदाला ३ मेगाबिटच्या आसपास धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी होतात. १ टीबीच्या डिस्कवर सातशे तासांच्या वर मावतं. २ जीबी रॅमचा बोर्ड घ्या, त्याहून जास्त रॅमचे पैसे देऊ नका. २०२३ मध्ये आलेला पाय ५ वेगवान आहे, पण फक्त रेकॉर्डिंगसाठी त्या वेगाचा उपयोग नाही. एक गोष्ट मात्र घेताना बघा. पायसाठी टीव्ही हॅट नावाची एक पट्टी मिळते, ती उपग्रहासाठी नाही. ती जमिनीवरच्या मनोऱ्यातून येणाऱ्या डीव्हीबी-टी२ प्रक्षेपणासाठी आहे. छत्रीची वायर तिला लावून काही दिसणार नाही.

ट्यूनर घेताना दोनच प्रश्न विचारायचे. लिनक्सच्या कर्नलमध्ये (पाय ज्यावर चालतो त्या सिस्टीमच्या गाभ्यात) त्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे का? आणि त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे का? पहिला यासाठी, की ड्रायव्हर बाहेरून आणून कंपाइल करावा लागला तर सिस्टीमच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर तेच काम पुन्हा करावं लागतं. दुसरा जास्त महत्त्वाचा. एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, उभ्या ध्रुवीकरणासाठी (उभ्या लहरींच्या सिग्नलसाठी) १३ आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट लागतात. हे व्होल्ट वायरमधून वर छत्रीपर्यंत ट्यूनरने पाठवायचे असतात. यूएसबीवर मिळतात ५ व्होल्ट. शिवाय पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून फक्त १.२ अँपिअर देतात. डिस्कही त्यातच, ट्यूनरही त्यातच, असं केलं की कुठेतरी कमी पडणारच. १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेला ट्यूनरच घ्या. वेग मात्र अडचणीचा नाही. फ्री डिशच्या जुन्या पद्धतीच्या एका आख्ख्या ट्रान्सपाँडरचा (अनेक चॅनेलचा गठ्ठा एकत्र पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या यंत्राचा) ओघ सेकंदाला साधारण ४० मेगाबिट असतो, म्हणजे यूएसबी २ सुद्धा भरपूर झालं.

आता छत्री. इथे मी जरा सविस्तर लिहिणार, कारण रेकॉर्डिंग चांगलं होणार की तुकड्या-तुकड्यांत येणार, हे खोलीत ठरत नाही, स्लॅबवर ठरतं.

फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. बेळगावातून तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १२८ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर. निपाणी, खानापूर, चिकोडीकडे यात फार फरक पडत नाही. एवढा उंच असल्यामुळे शेजारचा मजला किंवा माड सहसा आड येत नाही, गल्लीतल्या घरांना हे फार सोयीचं आहे. बघणाऱ्याला मात्र छत्री तेवढी वर तोंड करून आहे असं वाटत नाही. ऑफसेट छत्रीत एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे पत्रा दिसतो त्यापेक्षा तिची नजर पंचवीसेक अंश वर असते. नुसत्या अंदाजाने ती आणखी वर करू नका. टीव्हीहेडएंडच्या स्टेटस पानावर एसएनआरचा (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा) आकडा बघत, बोल्ट थोडा-थोडा फिरवत बसवा. फोनवर ते पान उघडून स्लॅबवर उभं राहता येतं, डिशवाल्याच्या मीटरची गरज लागत नाही.

मूळची छत्री ६० सेंटिमीटरची होती, टीव्ही बघायला ती पुरेशी असते. टीव्हीवर चित्र दोन सेकंद फाटलं तर आपण विसरून जातो. रेकॉर्डिंगमध्ये तेच फाटलेलं चित्र कायमचं राहतं आणि नेमकं समेवर आवाज तुटला तर बाबांचा चेहरा बघवत नाही. फ्री डिश ज्यावर येते त्या केयू बँडचे सिग्नल पावसाच्या थेंबांत शोषले जातात आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कसा लागतो ते सांगायला नको. म्हणून मी ९० सेंटिमीटरची छत्री बसवली. व्यास दीडपट म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोनपट आणि सिग्नलमध्ये साडेतीन डेसिबलची भर. पावसाची झड लागली असताना टिकणारं आणि तुटणारं रेकॉर्डिंग यांच्यात बहुतेक वेळा एवढंच अंतर असतं. आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला तर ९० चीही जाते, पण ती सर सरली की लगेच परत येते. रेकॉर्डिंग संपल्यावर टीव्हीहेडएंड प्रत्येक फाइलसमोर चुकांची संख्या दाखवतं. शून्य असेल तर डोळे मिटून ठेवून द्यायची. मोठा आकडा असेल तर आधी बघून घ्यायचं.

वायर आरजी-६ प्रकारची (डिशला लावतात ती), शक्य तेवढी कमी लांबीची आणि मध्ये जोड नको. एलएनबीच्या एफ-कनेक्टरवर रबरी टेप नीट गुंडाळा, नाहीतर पावसाचं पाणी वायरच्या आतून खाली उतरतं आणि सिग्नल दिवसेंदिवस मरत जातो. एप्रिल-मेमध्ये वळीव विजा घेऊन येतो. छत्रीच्या पाइपला आणि वायरला अर्थिंग करून घ्या. आमच्याकडे आभाळ भरून आलं की आई सरळ ट्यूनरची वायर काढून ठेवते. तेवढं रेकॉर्डिंग जातं, पण मला तेच बरोबर वाटतं.

दुसरी मोठी गोष्ट वीज आणि घड्याळ. पाय ४ च्या आत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट गेली, परत आली आणि इंटरनेट यायला वेळ लागला, तर बोर्ड जुनीच वेळ धरून बसतो. त्याच्या हिशेबाने अजून सहा वाजायचेत, मग सातच्या बातम्या कशा रेकॉर्ड होणार? डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ मिळतं. ते वरच्या पिनांवर बसवा, बटणासारखा सीआर२०३२ सेल घाला, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहा, प्रश्न मिटला. टीव्हीहेडएंडला उपग्रहाच्या सिग्नलमधून वेळ घ्यायला सांगता येतं, पण मला सेलचं घड्याळ जास्त भरवशाचं वाटतं. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, बॅटरी तेवढी वेगळी घ्यावी लागते. पाय ५ च्या बाजूने बोलणारं मला पटलेलं हे एकच कारण.

विजेसाठी मी राउटरला लावतात तसला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस ठेवलाय. ट्यूनर थेट त्यावर, आणि १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरवरून पाय. कन्व्हर्टर ३ अँपिअर खरोखर देणारा हवा. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड तक्रार करतो आणि टीव्हीच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं. ते दिसलं तर दुर्लक्ष करू नका. पाय, ट्यूनर आणि एसएसडी (माझी डिस्क तीच) मिळून साधारण १० वॅट खातात, म्हणजे महिन्याला सात युनिटच्या आसपास. जुना डेस्कटॉप याच कामाला ठेवला तर बिल कितीतरी जास्त येतं. सिस्टीमही एसएसडीवरूनच चालवा. एसडी कार्डावर सतत लिहिणं आणि मध्येच लाइट जाणं, या दोन्हींत कार्ड लवकर संपतं.

सॉफ्टवेअरला मात्र मी मनापासून दाद देतो. मी लिब्रेइलेक ही पायवर चालणारी लिनक्स सिस्टीम टाकलीय, त्यात टीव्हीवर व्हिडिओ लावणारं कोडी हे सॉफ्टवेअर आधीपासून असतं आणि टीव्हीहेडएंडचा सर्व्हर ॲड-ऑन म्हणून बसतो. एकदा लावलं की पाय टीव्हीला जोडलेला असो वा नसो, कुठल्याही ब्राउझरमधून ९९८१ पोर्टवर सगळं दिसतं. एलएनबी युनिव्हर्सल निवडायचा, ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झवाला. ट्रान्सपाँडरच्या तयार याद्या जुन्या असू शकतात, त्यामुळे ताज्या फ्रिक्वेन्सी हाताने भरणं बरं. आणि दर एप्रिलमध्ये पुन्हा स्कॅन करा. खासगी चॅनेलना फ्री डिशवर जागा प्रसार भारतीच्या लिलावातून मिळते, त्यामुळे नव्या आर्थिक वर्षाला काही येतात, काही जातात.

यातली सगळ्यात मोलाची सोय फार जणांना माहीत नसते. ट्यूनर चॅनेल पकडत नाही, आख्खा ट्रान्सपाँडर पकडतो. त्यामुळे एकाच ट्रान्सपाँडरवरची कितीही चॅनेल एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. दोन कार्यक्रम वेगवेगळ्या ट्रान्सपाँडरवर असतील तरच दुसरा ट्यूनर लागतो. म्हणून आधी आपल्या आवडीची चॅनेल कुठे-कुठे आहेत ते बघा, मग किती ट्यूनर घ्यायचे ते ठरवा.

कार्यक्रमपत्रिकेच्या भरवशावर मी राहत नाही. टायमर लावतो : चॅनेल, वार, सुरू, बंद. आधी दोन मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची, कारण दूरदर्शनवर थेट कार्यक्रम लांबला की पुढचं सगळं सरकतं. प्रोफाइल दोन केलेत. ‘बातम्या’ मधलं तीन दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ‘गाणं’ मधलं कधीच नाही. बाबांना रिमोटवर रेकॉर्डिंगच्या यादीपर्यंत पोचायला शिकवलं, आता सकाळी चहा घेताना ते स्वतःच लावतात. मी उठलो की पहिला प्रश्न, “रात्रीचं सगळं आलंय काय रे, बघितलास?” मुलगी चंदनच्या बातम्या फोनवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये थोड्या कमी वेगाने ऐकते, अडलेला शब्द दोनदा-तीनदा ऐकते. शिकवणीपेक्षा मला याचा उपयोग जास्त दिसतो. चालू टीव्ही थांबून राहत नाही, फाइल राहते.

हे कुणी करू नये, तेही सांगतो. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचची चॅनेल यात येणार नाहीत, ती स्क्रॅम्बल केलेली असतात आणि त्या कंपनीच्या कार्डाशिवाय उघडत नाहीत. मालिका आणि क्रिकेटच हवं असेल तर हा खटाटोप कशाला? आठवड्यातून एखादाच कार्यक्रम ठेवायचा असेल तर पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा साधा फ्री डिश बॉक्स पुरतो. आमच्या घरी तो आधी होता. एका वेळी एकच कार्यक्रम आणि लाइट गेली की लावलेली वेळ पुसून जायची, म्हणून तो बाजूला ठेवला. आणि घरात लिनक्सची थोडी ओळख असलेलं कुणीतरी हवं. मांडणी एकदाच करायची असली तरी पहिल्या रविवारचा सगळा दिवस त्यात जातो.

सामान जमवताना क्रम असा ठेवा : आधी छत्री आणि वायर, मग ट्यूनर, मग यूपीएस आणि घड्याळ, शेवटी बोर्ड. बोर्ड कुठूनही मिळतो, जुनाही चालतो. ट्यूनर मात्र बेळगावात दुकानात मिळाला नाही, बाहेरून मागवावा लागला, यायला वेळ धरा. एलएनबी बदलायचाच असेल तर दोन तोंडांचा घ्या. पुढे दुसरा ट्यूनर लावावासा वाटला, तर नुसती दुसरी वायर खाली सोडली की झालं, पावसात पुन्हा स्लॅबवर चढून दिशा बसवत बसावं लागत नाही.